‘अरे’ कोणी कोणास म्हणावे?

वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात पहाटेच्या अंधारात जो कोणी जाईल त्याच्या कानी पहिला शब्द भावाचा पडत नाही. पडतो तो ‘ए!’ हा. ‘ए, गोणी उचल’, ‘ए, गाडी मागे घे’, ‘अरे, तुला सांगतोय ना?’ बोलणारा पुष्कळदा पंचविशीतला मेहता असतो आणि ऐकणारा पन्नाशी उलटलेला हमाल. घरी याच मेहत्याने वडिलांच्या वयाच्या पाहुण्यास ‘अरे’ म्हटले असते तर आईने त्याचा कान धरला असता. बाजारात कान धरणारे कोणी नाही. आणि ज्यास ‘अरे’ म्हटले त्यासही त्यात काही विशेष वाटेनासे झाले आहे. हे वाटेनासे होणे हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय होय.

सार्वजनिक जागी होणाऱ्या असभ्यतेविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे पिचकारी, रांगेतील घुसखोरी, मोटारीचे कर्णे आणि गाडीत मोठ्याने लावलेला मोबाईल यांची यादी करण्याची चाल पडली आहे. ही दुखणी खरी आहेत. पण त्यांवर निदान कागदोपत्री तरी औषध आहे. थुंकणाऱ्यास दंड आहे. ध्वनिक्षेपकास २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत बंदी आहे. कर्ण्याच्या बाबतीत तर २०२० साली मुंबई पोलिसांनी गोंगाट ८५ डेसिबलपलीकडे गेला की सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागेल, अशी मोठी मौजेची युक्ती योजल्याचे जाहीर केले होते. ‘अरे’स मात्र कायदा नाही, दंड नाही आणि यंत्रही नाही. तो सर्वस्वी आमच्या जिभेचा प्रश्न आहे. म्हणूनच तो वर्तमानपत्राचाही प्रश्न आहे.

मराठी भाषाच मुळी रांगडी, तीत ‘प्लीज’ला शब्द नाही आणि ‘थँक्यू’ला असलेला शब्द कोणी वापरीत नाही, असा एक आक्षेप आमचे शिकलेले लोक मोठ्या चवीने घेतात. हा आक्षेप अज्ञानाचा आहे. मराठीचा विनय स्वतंत्र शब्दात राहत नाही, तो क्रियापदाच्या शेपटात राहतो. ‘सरक’, ‘सरका’, ‘सरकता का’, ‘जरा सरकाल का’ या चार पायऱ्या ज्या भाषेत आहेत तीस विनयाची वाण आहे असे कोण म्हणेल? शिवाय अनोळखी माणसास दादा, ताई, काका, मावशी म्हणून एका क्षणात नात्यात घेण्याची जी सोय आमच्याकडे आहे ती इंग्रजीत नाही. तेव्हा सामग्री भरपूर आहे. प्रश्न एवढाच की, ती कोणासाठी काढावयाची आणि कोणासाठी कपाटात ठेवावयाची, हे आम्ही कशावरून ठरवितो?

याचे उत्तर हार्बर मार्गावरील गाडीत एक फेरी केली असता मिळते. १९९२ साली खाडी ओलांडून लोकल वाशीस आली आणि हे शहर खऱ्या अर्थाने मुंबईस जोडले गेले. त्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्यास टेकू देण्याचा जो रिवाज आहे तो रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकात नाही. उभा असलेला माणूस नुसती मान हलवितो, फार तर ‘जरा सरका’ म्हणतो, आणि तीन अनोळखी माणसे निमूटपणे आक्रसून घेतात. तो कोणत्या जातीचा, कोणत्या पगाराचा, कोणत्या भाषेचा, हे कोणी विचारीत नाही. धक्काबुक्की, दारापाशी अडून राहणे, डब्यात टाळ-मृदंग घेऊन बसणाऱ्या मंडळींनी थकल्याभागल्यांची झोप मोडणे (भजन झाले म्हणून शेजाऱ्यास विचारू नये असे थोडेच आहे!) हे सारे जमेस धरूनही आम्ही म्हणू की, लोकलचा डबा ही महाराष्ट्रातील बरीच सभ्य जागा आहे. कारण डब्यात सर्वांचे तिकीट एक आणि कोण कोणापेक्षा मोठा हे कळण्यास मार्ग नाही.

आता तोच गृहस्थ वाशीस उतरतो, रिक्षात बसतो आणि म्हणतो, ‘ए, चल, सेक्टर सतरा.’ संकुलाच्या दारी पहारेकऱ्यास म्हणतो, ‘अरे, गेट उघड की.’ उपाहारगृहात पाणी देणाऱ्यास ‘ए बारक्या’ म्हणतो, मग त्या बारक्यास मिशा का फुटलेल्या असेनात. घरी कामास येणाऱ्या बाईंस ‘मावशी’ म्हणतो खरा, पण लगेच ‘उद्या लवकर ये’ असे सुनावतो. नाते आदराचे आणि क्रियापद हुकुमाचे! पाच मिनिटांपूर्वी जो मनुष्य परक्यास जागा करून देत होता तोच हा. त्याचा स्वभाव बदलला नाही. समोरच्याची पायरी त्यास दिसली, एवढेच घडले. आमचा विनय माणसास पाहून निघत नाही, पायरी पाहून निघतो. हेच आमचे दुखणे.

येथे कोणी असे म्हणेल की, एकेरी बोलणे म्हणजे अपमान असे थोडेच आहे? हे अगदी बरोबर आहे, आणि नवी मुंबईत राहणाऱ्याने तर ते विसरताच कामा नये. हे शहर ज्या ९५ गावांच्या जमिनीवर १९७० सालानंतर सिडकोने वसविले, त्या गावांतील आगरी-कोळी लोकांच्या बोलीत एकेरीचा व्यवहार मोठा आहे. वडीलधाऱ्यासही ‘तू’ म्हणण्यात तेथे अनादर नाही. पुण्याकडून किंवा विदर्भाकडून येथे घर घेतलेल्या सुशिक्षितास मासळीबाजारात कोळीण ‘तुला काय पायजे?’ म्हणाली की तो दुखावतो आणि ‘या लोकांस बोलण्याची रीत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. पण तीच कोळीण आपल्या बापासही तसेच बोलते, आणि तुम्ही तीस ‘तू’ म्हटल्यास तीही रागावत नाही. ज्यांच्या भातशेतीवर आपले पाचमजली घर उभे आहे, ज्यांतील पाच माणसे १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी गोळीबारात पडली, त्यांस रीत शिकविण्याआधी त्यांची रीत समजून घेणे हा पाहुण्याचा पहिला धर्म नव्हे काय? आम्ही सर्व मराठी लोक विठोबासही ‘तू’च म्हणतो, त्यात कोणास अनादर दिसला आहे?

तेव्हा दोष ‘तू’ या अक्षरात नाही. कसोटी निराळी आहे आणि ती सोपी आहे. मी ज्यास ‘अरे’ म्हणतो त्याने मला उलट ‘अरे’ म्हटले तर मला चालेल काय? कोळणीस चालते. दोन मित्रांस चालते. मेहत्यास चालते काय? हमालाने ‘ए, तूच बाजूस हो’ असे म्हटल्यावर गाळ्यात काय होईल, याची कल्पना आमच्या व्यापारी वाचकांस आमच्यापेक्षा अधिक आहे. जो शब्द एकाच दिशेने वाहतो तो शब्द नव्हे, ते ओझे आहे. आणि हमालाच्या डोक्यावर पन्नास किलोची गोणी असतेच, तीवर हे आणखी एक. उलट डोक्यावर भार घेऊन येणारा माथाडी ‘बाजू! बाजू!’ असे खेकसतो त्यास उद्धट म्हणू नये. त्याला थांबून विनंती करण्यास उसंत नाही. उद्धट असेल तर वाटेत उभा राहून फोनवर बोलणारा तो दुसराच.

हे ओझे आजचे नाही. १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने एक हुकूम काढला होता, तो आजच्या वाचकास खरा वाटणार नाही. मुंबईतील सोनार लोक एकमेकांस व इतरांस ‘नमस्कार’ म्हणत. ब्राह्मणांचे म्हणणे असे की, हा शब्द उच्चारण्याचा अधिकार सोनारांस नाही. तंटा सरकारपर्यंत गेला आणि गव्हर्नराच्या कौन्सिलाने सोनारांच्या पुढाऱ्यास लेखी कळविले की, यापुढे तुमच्या जातीने ‘नमस्कार’ म्हणू नये. एका नमस्कारासाठी सरकारी फर्मान! ज्यांस त्याहूनही खाली लोटलेले होते त्यांस तर ‘जोहार’ घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे अभिवादन ही आमच्याकडे सदिच्छा नव्हती, ती पावती होती. कोण वर, कोण खाली, याची रोजच्या रोज फाडावयाची पावती. त्यांच्या लेकरांनी पुढे ‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ म्हणावयास आरंभ केला, तो हट्ट नव्हता. ‘जय भीम’ला उत्तरही ‘जय भीम’ असेच येते, हे ज्यास कळले त्यास सारे कळले.

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे सुद्धा आमच्या जिल्ह्यास भांडून शिकावे लागले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत असा ठराव रावबहादुर बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे मोकळे केल्याचे जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांस हजारो माणसांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर लाठ्या बरसल्या आणि गावाने तळे ‘शुद्ध’ करून घेतले. हायकोर्टाचा निकाल लागावयास १९३७ उजाडले. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते ही सर्वांस मोकळी केली. ते तळे रायगड जिल्ह्यात आहे आणि खारघर-पनवेलही रायगड जिल्ह्यातच आहेत. शंभर वर्षे होत आली. आज त्या जिल्ह्यातील आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील कित्येक उंच इमारतींत कामवाल्या बाया, सामान पोचविणारी पोरे आणि पहारेकरी यांस निराळी लिफ्ट असते व मुख्य लिफ्टवर तशी पाटीही असते. सामानाच्या जड पेट्यांसाठी वेगळी लिफ्ट असावी, हे आम्हांस कळते. पण एक पिशवी हातात घेतलेल्या माणसास ‘तू तिकडून ये’ म्हणणे यास सोय म्हणावयाचे की आणखी काही? पिशवी तीच राहून तो मनुष्य सभासदाचा पुतण्या निघाला तर तो कोणत्या लिफ्टने जातो?

परदेशांचे दाखले देताना आमच्याकडे एक तर आरती ओवाळतात, नाही तर नाके मुरडतात. दोन्ही सोडून पाहू. इंग्रजीत आज ‘तू’ व ‘तुम्ही’ हा भेद नाही, म्हणून ती भाषा सर्वांस एकेरी लेखते, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजांचा मूळ एकेरी शब्द मागे पडला आणि जो उरला तो अनेकवचनाचा, म्हणजे ‘तुम्ही’चा. तेथे भिकाऱ्यासही ‘तुम्ही’ म्हणतात. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी याच्या उलट वाटेने न्यायाधीशासकट सर्वांस एकेरी बोलण्याचा नेम धरला, तेव्हा त्यांनी मार खाल्ला आणि तुरुंगही पाहिले. स्वीडनमध्ये मोठ्या माणसाशी त्याच्या हुद्द्याचे नाव घेऊन तृतीयपुरुषी बोलण्याची अवघड चाल होती. १९६७ साली तेथील आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी पदावर येताच सांगितले की, मी सर्वांस ‘तू’ म्हणणार आणि सर्वांनी मला नावानेच हाक मारावी. थोड्याच वर्षांत सारा देश तसे बोलू लागला. एकाने सर्वांस वर चढविले, दुसऱ्याने सर्वांस एका ओळीत बसविले. वाटा दोन, पण परतफेड दोहोंतही पुरी.

जपानची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तेथे २०१७ साली एका रेल्वे कंपनीची गाडी नियोजित वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली, ही बातमी आमच्याकडे पुष्कळांनी कौतुकाने वाचली. पण त्याच देशातील दुकानांत विक्रेता गिऱ्हाइकाशी कमालीच्या आदरार्थी भाषेत बोलतो आणि गिऱ्हाईक पुष्कळदा नुसता हुंकार भरते. अशा एकतर्फी विनयाचे फळ काय झाले? गिऱ्हाइकांचा दांडगेपणा इतका वाढला की टोकियो महानगरास गिऱ्हाइकांच्या जाचापासून नोकरांचे रक्षण करणारा नियम करावा लागला. तो १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. शिक्षेची तरतूद त्यात नाही, पण ‘गिऱ्हाईक देव’ हे तत्त्व ताणले तर कोठवर जाते, हे त्यावरून दिसते. आमच्या व्यापाऱ्यांसही हा अनुभव आहे. कोपरखैरण्याच्या कपड्याच्या दुकानात बसून तासभर पन्नास साड्या उलगडावयास लावणाऱ्या आणि वर ‘ए, ती वरची काढ’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा संताप त्यांस येतोच. तोच संताप हमालास येत असेल, हे ताडण्यास जपानपर्यंत जाण्याची गरज नव्हती. पण गेलो ते बरे झाले.

सरकारी मोहिमांवर आमचा भरवसा बेताचाच. सिंगापुराने १९७९ साली सौजन्याची राष्ट्रीय मोहीम काढली. बीजिंगात ऑलिंपिकच्या तोंडावर, २००७ पासून, दर महिन्याची ११ तारीख रांगेचा दिवस ठरविली, कारण ११ हा आकडा एकामागे एक उभ्या असलेल्या दोन माणसांसारखा दिसतो. कल्पना गोड आहे. आमच्याकडे असे काही निघाले तर उद्घाटनाच्या व्यासपीठावर चढण्यासाठीच रांग मोडेल, अशी भीती वाटते. त्यापेक्षा स्पेनची बिनखर्ची चाल बरी. तेथे मंडईत किंवा दवाखान्यात शिरणारा माणूस ‘शेवटचे कोण?’ एवढे विचारतो, ज्याने हात वर केला त्याच्यामागे आपला नंबर समजतो आणि खुशाल बाकावर बसतो. मोडावयास रांगच नसते. एका प्रश्नात ओळखही होते.

पण शेजाऱ्याचे उसने आणण्याआधी घरची पेटी उघडून पाहावी. परक्याशी सन्मानाने बोलण्याची या भूमीतील सर्वांत मोठी शाळा पंढरीच्या वाटेवर आहे. वारीत परका असा कोणी नसतोच. जो भेटेल तो ‘माउली’. वाट हवी असली तरी ‘माउली’, पाणी हवे असले तरी ‘माउली’. आणि ज्याच्या पाया पडावे तोही उलट पाया पडतो. आमच्या वरच्या कसोटीस यापेक्षा चोख उतरणारे अभिवादन जगात फार थोडे असेल. अर्थात वाटेवर माउली म्हटलेल्यांपैकी कित्येकांस देवळाच्या दाराशी मात्र अडवीत होते, आणि ते दार उघडण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस उपोषण करावे लागले, हे विसरून चालणार नाही. तरी चाल आहे, आणि ती ज्यांच्या हाडीमाशी खिळली आहे असे सातारा-सांगलीकडचे पुष्कळ लोक आमच्याच बाजारात गोण्या वाहत आहेत. आषाढात माउली आणि श्रावणात ‘ए’, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

व्यापारी बंधूंचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला, बाजारात वेळ नसतो. पण ‘उचल’ आणि ‘उचला’ यांत एका कान्याचे अंतर आहे. दुसरा, हमालही शिव्या देतात. देतात, आणि ज्यास उभा जन्म ‘ए’ ऐकावे लागले त्याच्या तोंडी ओव्या कोठून येणार? तिसरा आक्षेप थोडा विचार करण्याजोगा आहे: ‘तो आमचा वीस वर्षांचा माणूस, आम्ही प्रेमाने अरे म्हणतो.’ असेल. मग वीस वर्षांच्या त्या प्रेमात त्याने एकदाही तुम्हांस ‘अरे’ का म्हटले नाही? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमागून १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याने मजुरीस हमी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली आणि फळे-भाजीपाल्याचा १९९६ साली मुंबईहून इकडे आला, तेव्हा त्याबरोबर गाळे नवे आले, रस्ते नवे आले, तोलकाटे नवे आले. बोलणे तेवढे भायखळ्याचे आणि मशीद बंदराचे जुनेच आले. कायद्याने हमालाचा दर ठरविला, संबोधन ठरविले नाही. ते ठरविणे गाळेवाल्यांच्या हाती आहे.

कचेऱ्यांचीही कथा वेगळी नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला किती दिवसांत द्यावा याची मुदत बांधून दिली आहे. मुदत मिळाली, खुर्ची मिळाली नाही. खिडकीपलीकडचा कारकून सुटाबुटातल्यास ‘बसा’ म्हणतो आणि धोतरातल्यास ‘उद्या ये’ म्हणतो, तेव्हा अधिनियमाचा भंग झालेला नसतो. पण नागरिकाचा झालेला असतो.

भाषेच्या वादाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण तो आता रस्त्यावर आला आहे. २०२५ साली मीरा रोड येथे मराठी न बोलण्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली. ज्या भाषेत ‘जरा सरकाल का’ म्हणता येते ती शिकविण्यासाठी थप्पड वापरणारांनी त्या भाषेची सेवा केली असे आम्ही मानीत नाही. पण तितक्याच स्पष्टपणे सांगतो की, ज्या मुलुखात वीस-वीस वर्षे धंदा केला तेथील लोकांशी ‘या, बसा, काय देऊ?’ एवढे चार शब्द त्यांच्या भाषेत न बोलणे, ही देखील असभ्यताच आहे. येथील आगऱ्यांची बोली न समजून घेणारा मराठी सुशिक्षित आणि मराठी न शिकणारा परप्रांतीय दुकानदार हे एकाच माळेचे मणी होत.

आणि पुण्याच्या पाट्यांवर पोट धरून हसणाऱ्यांस एक विनंती. गिऱ्हाइकास खडसावणाऱ्या त्या पाट्यांत बुद्धीची चमक असते, हे आम्हांस मान्य आहे, आम्हीही हसतो. परंतु उद्धटपणास विनोद म्हणून मान दिला की त्याची लाज जाते, आणि ज्यास पाटी लिहिण्याइतकी बुद्धी नसते तो मग नुसता उद्धटपणा तेवढा उचलतो.

२०२५ च्या ऑक्टोबरात येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. आता देशोदेशींचे लोक उतरतील. त्यांस आम्ही सवयीने ‘वेलकम’ म्हणू आणि त्यांचे सामान उचलणाऱ्यास त्यांच्यादेखत ‘ए’ म्हणू. त्यांस मराठी येत नसेल, पण ‘ए’ कोणत्याही भाषेत समजतो.

तूर्त दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. बाजार समितीच्या आवारातील व्यापारी संघटनांनी आपापल्या गाळ्यांतील मेहत्यांस एवढीच ताकीद द्यावी की, वयाने मोठ्या हमालास, पाटीवाल्यास, गाडीवानास ‘तुम्ही’ म्हणावे आणि शक्य तेथे नावाने हाक मारावी. नाव पगाराच्या वहीत असतेच. दुसरी गोष्ट गृहनिर्माण संस्थांची. त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. रंगकाम, गळती आणि वाहनतळ यांच्या विषयांबरोबर लिफ्टवरील ती पाटी काढण्याचा विषय एखाद्या सभासदाने लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेत घालावा. असा ठराव ज्या संस्थेत मांडला जाईल तिने आम्हांस कळवावे. संमत झाला तरी छापू, आणि फेटाळला गेला तर विरुद्ध बाजूने कोणती कारणे पुढे आली तीही छापू.